पुराच्या पाण्यातला उजेड

भूगोलाच्या तासाला 'नदीचे कार्य' शिकवत होतो. पुस्तकातली तीच ती आकृती दाखवण्यापेक्षा मुलांना काही वेगळे दाखवावे म्हणून आम्ही एका फ्रेंच चित्रकाराचे चित्र पडद्यावर लावले. चित्र पुराचे होते. काठ सोडून गावात शिरलेली नदी, पाण्यात उभे असलेले एक घर, दोन होड्या आणि वर भरून आलेले आभाळ. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ये पानी इतना अच्छा क्यूँ दिख रहा है? हमारे घर में आया था, तब तो ऐसा नहीं था."

आमची शाळा चिपळूणची. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा ही मुलगी लहान होती. तिने पाहिलेल्या पाण्याला रंग होता तो गाळाचा. वास होता तो डिझेलचा आणि कुजलेल्या धान्याचा. पाणी ओसरले तरी भिंतीवर राहिलेली त्याची रेघ दोनदा चुना मारूनही पुसली गेली नव्हती. अशा मुलीसमोर आम्ही सुंदर पूर मांडला होता. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले, तेवढ्यात घंटा झाली. तास सुटला, पण प्रश्न सुटला नाही. दुसऱ्याच्या संकटात प्रकाशाचे सौंदर्य पाहणे योग्य आहे काय? आणि जो पाहतो, तो माणूस म्हणून कुठे कमी पडतो काय? हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी चित्राविषयी. चित्रकाराचे नाव आल्फ्रेद सिस्ले. जन्म 1839 चा, पॅरिसमधला, आईवडील इंग्रज. 1876 च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या पश्चिमेला सीन नदीला पूर आला आणि काठावरच्या पोर-मार्ली या छोट्या गावाचे रस्ते पाण्याखाली गेले. सिस्ले तेव्हा जवळच, वरच्या अंगाला असलेल्या मार्ली-ल-र्वा येथे राहत होता. तो खाली उतरला आणि त्या पुराची एक नव्हे, अनेक चित्रे त्याने काढली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. चित्रात डाव्या हाताला दिसते ते घर म्हणजे एका दारूविक्रेत्याचे दुकान. त्यावर संत निकोलसच्या नावाची पाटी आहे. हा संत नावाड्यांचा रक्षणकर्ता मानला जातो. त्याच्याच नावाच्या दुकानापुढे आता होड्या लागल्या आहेत. उजवीकडे झाडांची रांग पाण्यात उभी आहे. माणसे आहेत, पण अगदी लहान. रंगाच्या चार-दोन ठिपक्यांएवढी. ना कोणी आक्रोश करीत आहे, ना कोणी बुडत आहे. चित्राचा निम्म्याहून अधिक भाग आभाळाने व्यापला आहे.

सिस्ले ज्या गटातला, त्याला मराठीत दृक्प्रत्ययवादी म्हणतात. या मंडळींचे पहिले प्रदर्शन 1874 साली पॅरिसमध्ये भरले. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून लुई लरॉय नावाच्या टीकाकाराने त्यांना चेष्टेने 'इम्प्रेशनिस्ट' म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. पुराचे हे काम सिस्लेने 1876 च्या त्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात मांडले. या चित्रकारांचा हट्ट साधा होता. वस्तू कशी 'असते' हे ठाऊक असले तरी ते बाजूला ठेवायचे आणि या घडीला, या हवेत, या उजेडात ती डोळ्याला कशी 'दिसते' तेवढेच रंगवायचे. सावली काळी असते हे आपण धरून चालतो. नीट पाहिले तर ती निळी, जांभळी, कधी हिरवटही असते. रंग कथलाच्या नळीत भरून विकायची युक्ती 1841 साली निघाली होती. त्यामुळे खोलीत बसून आठवणीने रंगवण्याऐवजी चित्रकार सामान उचलून थेट नदीकाठी जाऊन बसू शकला. ढग सरकला की उजेड बदलतो, म्हणून हात भरभर चालवावा लागे. या चित्रांमधले तुटक, उघडे फटकारे त्या घाईतून आले आहेत.

सिस्लेचा जीव आभाळात. आभाळ म्हणजे चित्राच्या मागे सोडलेला पडदा नव्हे, चित्राला खोली आणि गती तेच देते, अशी त्याची धारणा होती. आता पुरात काय होते पाहा. एरवी रस्ता मातीचा असतो. तो उजेड गिळतो. त्याच रस्त्यावर पाणी आले की रस्त्याचा आरसा होतो. मग घराच्या भिंतीवर उजेड वरून तर पडतोच, पण खालूनही उसळून येतो. वळचणीच्या, एरवी अंधारात असणाऱ्या जागा उजळतात. जमीन नाहीशी झाल्यामुळे घर आभाळाच्या दोन तुकड्यांमध्ये टांगल्यासारखे दिसते. चित्रातली ती विलक्षण शांतता इथून येते. चित्रकाराने ती बाहेरून आणून चिकटवलेली नाही.

आणि गढूळ पाणी गढूळ का दिसत नाही? याचेही कारण साधे आहे. पायाशी असलेल्या पाण्याकडे आपण सरळ खाली पाहतो, तेव्हा आपली नजर पाण्याच्या आत जाते आणि गाळाचा रंग दिसतो. दूरच्या पाण्याकडे आपण तिरकस पाहतो. तिथे पृष्ठभाग बहुतेक उजेड परतवून लावतो आणि पाण्यात आभाळ दिसते. चित्रातही पुढच्या पाण्यावर मातकट, करडे फटकारे आहेत आणि मागे उजळत गेलेले पाणी आहे. पाणी एकच. गुडघाभर पाण्यात उभा असलेल्याला चिखल दिसतो, लांब उभा असलेल्याला आभाळ. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे होते: बेटा, तू पाण्यात उभी होतीस, तो काठावर उभा होता.

उजेड आणि पूर या दोन गोष्टी एकत्र आल्या की आम्हाला आपल्याच परंपरेतला एक माणूस आठवतो. इब्न अल-हैसम. जन्म बसऱ्याचा, सुमारे 965 सालचा. त्याच्याविषयी सांगतात, की नाईल नदीचे पूर आपण काबूत आणू शकू असे तो बोलून गेला. ते कैरोचा खलिफा अल-हाकिमच्या कानावर गेले आणि त्याने त्याला बोलावून घेतले. नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पाहिल्यावर हे आपल्या आवाक्यातले काम नाही हे त्याच्या ध्यानात आले. खलिफाच्या कोपाला भिऊन त्याने वेडाचे सोंग घेतले आणि 1021 साली खलिफा जाईपर्यंत ते वठवले. पुरापुढे हरलेल्या याच माणसाने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशाविषयीचा महाग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला शिवतात, हा जुना समज त्याने मोडून काढला. प्रकाश वस्तूवर पडतो, तिथून डोळ्यात येतो, तेव्हा आपल्याला दिसते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. पाहणे म्हणजे नुसते डोळ्याचे काम नव्हे, त्यात मनाचा निवाडाही मिसळलेला असतो, हेही त्यानेच सांगितले. प्रकाश आणि रंग हे स्वतःच सौंदर्य उत्पन्न करतात, असेही त्याचे मत होते. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, 1572 साली छापला गेला आणि युरोपच्या प्रकाशविद्येचा पाया झाला.

म्हणजे उजेड सुंदर दिसणे हा पाहणाऱ्याचा दोष नव्हे. तो उजेडाचा स्वभाव आहे. उजेड कशावर पडायचे आणि कशावर नाही, हे विचारून पडत नाही.

पण इथे थांबलो तर ती पळवाट होईल. मुलीने पदार्थविज्ञान विचारले नव्हते. तिच्या प्रश्नात तक्रार होती: आमच्या घरात पाणी आले आणि कोणीतरी लांब उभे राहून त्याची शोभा पाहिली. ही तक्रार हलकी नाही. या चित्रकारांपैकी सर्वांत मोठ्या माणसाने ती स्वतःविरुद्धच नोंदवून ठेवली आहे. 5 सप्टेंबर 1879 रोजी क्लोद मोनेची पत्नी कामीय सीनकाठच्या वेतेय या गावी वारली. वय अवघे 32. मोनेने मृत्युशय्येवरच्या तिचे चित्र काढले. तेही ओर्सेमध्येच आहे. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने आपला मित्र क्लेमांसो याच्याजवळ कबुली दिली, की जिच्यावर एवढे प्रेम केले तिच्या उशाशी बसलो असताना आपण तिच्या चेहऱ्यावर मृत्यू पसरवीत असलेले निळे, पिवळे, करडे रंग न्याहाळत असल्याचे आपल्या ध्यानात आले. हात आपसूक चालू लागले होते. हे सांगताना त्याला अभिमान नव्हता. घाण्याला बांधलेल्या जनावरासारखी आपली गत आहे, अशा अर्थाचे तो बोलला. त्याच हिवाळ्यात सीन गोठली आणि जानेवारी 1880 मध्ये बर्फ फुटून वाहू लागले. मोनेने ते वाहते तुकडेही रंगवले.

मोने दगडाच्या काळजाचा होता, असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हाला ते पटत नाही. ज्याला स्वतःच्या नजरेची भीती वाटते त्याचे काळीज शाबूत असते. पण त्याच्या कबुलीतून एक गोष्ट कळते. पाहण्याची सवय माणसाला दुःखापासूनही दूर नेऊ शकते. म्हणून पाहणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत हे विसरू नये, एवढे तरी त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता दुसरी बाजू. पुराकडे पाहण्याची एक फार जुनी रीत आहे. ती सिस्लेच्या रीतीपेक्षा जास्त धार्मिक आणि जास्त सहृदय वाटते. लूव्र संग्रहालयात पूसँ या चित्रकाराचे 1660 ते 1664 च्या दरम्यानचे एक चित्र आहे. विषय तूफान-ए-नूह. काळवंडलेले आभाळ, लखलखती वीज, होडीतून लेकराला खडकावर चढवू पाहणारे आईबाप. तिथे उजेडही जणू शिक्षा सुनावतो. हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो खरा आहे आणि त्यात इब्रतही आहे. अडचण तिथून पुढे सुरू होते. कोणत्याही गावात पूर आला की आपल्यातलेच काही जण लगेच निकाल देऊन टाकतात: हा अजाब आहे. 2021 च्या पुरानंतर आमच्याही कानांवर हे आले. गाळ उपसणाऱ्या माणसाला उद्देशून, चांगले इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाने म्हटलेले.

आम्ही आलिम नाही. पण एवढे वाचले आहे, की रसूलल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी शहीद कोणाकोणाला म्हणावे हे सांगताना बुडून मेलेल्या माणसाचा आणि पडलेल्या घराखाली सापडलेल्या माणसाचाही समावेश केला आहे. ज्याला आपल्या नबींनी शहीद म्हटले, त्याला गुन्हेगार ठरवणारे आपण कोण? हजरत नूह यांच्या तूफानाचा अर्थ अल्लाहने स्वतः सांगितला म्हणून आपल्याला कळला. वाशिष्ठीच्या पुराचा अर्थ त्याने कोणाला कळवल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

या जागी सिस्लेचे चित्र आम्हाला नव्याने दिसू लागले. त्यातले घर दारूच्या दुकानाचे आहे. आपल्याकडे कोणी म्हणेल, बुडाले ते बरेच झाले. सिस्ले तसे म्हणत नाही. मार्चच्या ढगातून निसटलेले ऊन त्या दुकानाच्या भिंतीवर पडते आणि ते जसे पडले तसे तो रंगवतो. तो पुराला शिक्षा म्हणत नाही, देखावा म्हणून भडकही करीत नाही. पाणी आले आहे, लोक होडीने ये-जा करीत आहेत, आभाळ अजून आहे. निकाल देण्याचा मोह आवरून पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. इब्न अल-हैसमच्या भाषेत सांगायचे तर डोळ्यात आलेल्या उजेडात मनाचा निवाडा मिसळायच्या आधी थोडे थांबणे.

आपल्या समाजात चित्र म्हटले की तसवीरीचा मसला निघतो आणि निघावाही. हजरत इब्न अब्बास यांच्याकडे एक कारागीर आला. चित्रे काढणे हीच त्याची रोजी. काढायचीच असतील तर झाडांची आणि ज्यात जीव नाही अशा वस्तूंची काढ, असे त्यांनी त्याला सांगितल्याचे हदीसमध्ये येते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकाच्या आरंभी केलेले मोझेक आजही आहेत. पश्चिमेच्या ओवरीत एक लांबलचक नदी आहे. काठावर उंच झाडे, वाडे, पूल, घरे, आणि माणूस एकही नाही. तीही नदीचीच तसवीर. पण तिथला उजेड सोन्याचा आहे. तो सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा असा नाही. तो जन्नतचा उजेड आहे, असे पुष्कळ जाणकार मानतात. त्या नदीला पूर येत नाही. सिस्लेचा उजेड या दुनियेतला. दहा मिनिटांनी तो नसेल, हे चित्रकाराला ठाऊक आहे आणि म्हणून तो घाई करतो. ज्या दुनियेत पूर येतात, तिला हा नाशवंत उजेडच खरा वाटतो.

सिस्लेच्या माणसांना चेहरे नाहीत, हे आधी आम्हाला त्याचे उणे वाटले होते. ज्याचे घर बुडाले त्याचा चेहरा तरी दाखवायचा! मग आम्हाला आपल्याकडचे फोटो आठवले. पूर ओसरल्यावर मदत घेऊन पुष्कळ जण आले. देणाऱ्यांमध्ये निरपेक्ष माणसेही होती. अल्लाह त्यांचे भले करो. पण तांदळाची पिशवी देताना घेणाऱ्या बाईला कॅमेऱ्याकडे पाहायला लावणारेही होते. तिने पदराने तोंड झाकले तर "जरा इकडे बघा" म्हणणारे होते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण; इथे ते साऱ्या जिल्ह्याला कळले. त्या फोटोंत चेहरे स्पष्ट होते, आणि माणसांची अब्रू तेवढी गेली होती. सिस्लेने चेहरे सोडून दिले. त्याच्या चित्रातला माणूस होडीत उभा राहून आपले काम करतो आहे. आपल्याकडे पाहून तो दया मागत नाही.

तरीही आम्ही सिस्लेला वली करून ठेवत नाही. त्याने त्या दिवसांत कोणाचे सामान उचलू लागले की नाही, चित्र हे सांगत नाही. मात्र तो सुखवस्तू माणूस गंमत पाहायला खाली उतरला होता, असेही नाही. 1870-71 च्या युद्धात त्याच्या वडिलांचा व्यापार बुडाला. तेव्हापासून मरेपर्यंत तो तंगीत राहिला. 1899 च्या जानेवारीत घशाच्या कर्करोगाने तो गेला. ज्या देशाच्या नद्या जन्मभर रंगवल्या, त्याचे नागरिकत्वही त्याला मिळाले नव्हते. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी हे पुराचे चित्र लिलावात 43,000 फ्रँकला गेले. घेणारा इझाक द कामोंदो, इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या एका ज्यू सावकारी घराण्यातला. त्याने 1911 साली आपला सारा संग्रह फ्रान्सला दिला, म्हणून आज ते चित्र कोणालाही पाहता येते. ज्याने बुडालेले गाव रंगवले तो स्वतः अर्धा बुडालेलाच होता. बुडणाऱ्यालाही आभाळ पाहण्याचा हक्क असतो, एवढे यावरून म्हणता येईल. काठावरच्या धडधाकट माणसाला तो तसाच असतो असे मात्र यावरून म्हणता येणार नाही.

मग आमचे म्हणणे काय? संकटात सौंदर्य दिसणे हा गुन्हा नाही. ते डोळ्याच्या हातात नाही. कुरआनात ढगांकडे, पावसाकडे, रात्र-दिवसाच्या येण्याजाण्याकडे निशाण्या म्हणून पाहायला पुन्हा पुन्हा सांगितले आहे, आणि फक्त सुखाच्या दिवसांत पाहा अशी अट त्यात घातलेली नाही. पण क्रम असतो. कोणी हाक मारीत असेल तर आधी हात, मग डोळे. हात पोहोचत नसेल, तर निदान निकाल नको आणि तमाशा नको. आणि पाहून झाल्यावर आपण कुठे उभे राहून पाहिले, ते लपवू नये. या अटी पाळल्या तर पाहणे हीसुद्धा एक साक्ष होते. पोर-मार्लीतल्या त्या मार्चमधला पूर आज आपल्याला ठाऊक आहे तो एका माणसाने नीट पाहिला म्हणून.

पुढच्या तासाला आम्ही ते चित्र पुन्हा लावले आणि त्या मुलीला जवळचे पाणी आणि दूरचे पाणी दाखवले. चिखल कुठे आहे आणि आभाळ कुठे, हे तिने स्वतः बोट ठेवून सांगितले. आम्ही म्हटले, तू जे पाहिलेस तेही खरे आहे. त्यावर ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, की तिसऱ्या दिवशी पाणी उतरत होते, तेव्हा माळ्यावरून तिला अंगणातल्या पाण्यात चंद्र दिसला होता. घरात अम्मी रडत होती, म्हणून तिने ते कोणाला सांगितले नव्हते.

दोन वर्षे या लेकराने तो चंद्र गुन्हा केल्यासारखा लपवून ठेवला होता. आम्ही तिला म्हटले, बेटा, त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. तू चंद्र पाहिलास म्हणून अम्मीचे दुःख कमी झाले नाही आणि तुझे प्रेमही कमी झाले नाही. तिला ते कितपत पटले, कोण जाणे. ती खाली बसली आणि आम्ही फळ्यावर नदीची आकृती काढायला घेतली.